पीक (PEEK) पॉलिमरचं कोटिंग ज्योतीने मारताना: माझा अनुभव

वितळवलेल्या धातूचा स्प्रे मारून कोटिंग करायचं काम मी बरीच वर्षं करतोय. जस्त असो की ॲल्युमिनियम, जॉब (ज्यावर कोटिंग करायचं ती वस्तू) फार तापू द्यायचा नाही ही सवय हातात मुरलेली. पीक या पॉलिमरचं काम आलं आणि ती सवय मोडावी लागली.

जॉब होता कार्बन स्टीलचा ॲजिटेटर (द्रव ढवळणारा पंखा), मधला जाड हब आणि पातळ पाती. पात्यांच्या कडा आधी ग्राइंडरने गोल केल्या, कारण वितळलेलं पॉलिमर धारेवरून मागे सरकतं आणि तिथेच थर पातळ पडतो. मग ॲल्युमिना ग्रिटने ब्लास्टिंग, म्हणजे कठीण कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करणं. पावडर ओव्हनमध्ये वाळवून घेतली. ओल राहिली की थरात फुगे आलेच.

पीक 343 अंश सेल्सिअसला वितळतं. ज्योत त्याच्या कितीतरी पट गरम, आणि पॉलिमरमधून उष्णता सावकाश जाते. त्यामुळे कण बाहेरून करपायला येतो तरी आत कच्चा राहू शकतो. म्हणून ज्योतीतून पावडर फेकणाऱ्या आमच्या गनमध्ये पावडर आणि ज्योतीच्या मधून हवा सोडलेली असते. कणाला नीट पसरवायचं काम मुख्यतः तापलेल्या जॉबचं, त्यामुळे पोलादच आधी 343 च्या वर न्यायचं.

इथे खरा कस लागला. पाती झटकन तापतात, हब काही केल्या तापत नाही. हबवर ज्योत धरून ठेवायची, पात्यांवरून नुसती फिरवायची. उघड्या धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर बऱ्याचदा कमी तापमान दाखवतो, म्हणून मी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टेकवूनच बघायचो. त्यात रेंगाळायचीही सोय नाही. ऑक्साइड चढलं की पकड बिघडते.

पहिला पास (गनचा एक हात) धुळीसारखा बसला आणि बघता बघता ओलसर चकाकला. ती चकाकी आली की पुढचा पास. धूर दिसला की गन मागे.

थंड होताना रंग बघायचा. झटकन निवलेला भाग तपकिरी आणि काचेसारखा, सावकाश निवलेला फिकट, अपारदर्शक. तपकिरी भागात स्फटिकरचना पुरी झालेली नसते, तो रसायनांपुढे कमी टिकतो. पात्यांच्या टोकांना असे पट्टे होते. 200 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून धरल्यावर ते फिकटले.

स्पार्क टेस्टला (उच्च व्होल्टेज फिरवून थरातली छिद्रं शोधायची चाचणी) हबच्या खाचेत ठिणगी पडली. पीक थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की पुन्हा वितळणारं, त्यामुळे तेवढाच भाग घासून, तापवून पुन्हा पावडर मारली आणि टेस्ट पास झाली. वस्तू भट्टीत तापवून कोटिंग करायच्या पद्धतीत एवढ्याशा खाचेसाठी अख्खा ॲजिटेटर पुन्हा आत घालावा लागला असता.