नुसती सुई टोचून काय कळतं?

वारंवार तोंड येणाऱ्या रुग्णाच्या हातावर डॉक्टर सुई टोचतात आणि ‘परवा दाखवायला या’ म्हणून सांगतात. औषध दिलं नाही, रक्तही काढलं नाही, मग यातून कळणार काय, असं घरचे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून हे जरा सविस्तर.

ही पॅथर्जी टेस्ट, बेहचेत या आजारासाठी केलेली. इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ मध्ये तोंडातले व्रण, गुप्तांगावरचे व्रण आणि डोळ्यांचा दाह ही तिन्ही लक्षणं एकाच आजाराची म्हणून मांडली. या आजारात प्रतिकारशक्ती क्षुल्लक इजेवरही तुटून पडते, म्हणून टोचल्या जागी पुळी उठते. टीबीच्या मांटू टेस्टमध्ये त्वचेत द्रव सोडतात, तसं इथे काहीच सोडत नाहीत. टोचणं हीच परीक्षा.

कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला, शीर नसलेली जागा निवडतात. २० गेजची निर्जंतुक सुई सुमारे ५ मिलिमीटर आत घालून बाहेर काढतात. गेजचा आकडा लहान तितकी सुई जाड, आणि इथे जाडच हवी; बारीक, धारदार सुईने इजा कमी होते आणि पुळी उठायची ती उठत नाही. आधी जंतुनाशकाने कातडी खसाखसा घासली तरी प्रतिक्रिया दबते. एकाच टोचणीवर विसंबू नये, दोन्ही हातांवर मिळून चार-सहा बऱ्या. प्रत्येकीभोवती पेनाने गोल काढतात. आपल्याकडच्या घामात, त्यात पावसाळ्यात, तो पुसला जातो. पुसट झाला की लगेच गिरवा. तिथे खोबरेल, हळद, बाम, क्रीम काही लावू नका आणि खाजवू नका.

निकाल बघायचा तो २४ ते ४८ तासांत. शुक्रवारी टोचलं तर ४८ तास रविवारी भरतात आणि ओपीडी बंद असते. काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) यायचं असेल तर सोमवारी-मंगळवारी टोचून घ्या. चतुर्थीच्या तोंडावर तर नकोच. जागा नुसती लाल दिसली तर टेस्ट पॉझिटिव्ह नव्हे. बोटाला लागेल अशी, निदान २ मिलिमीटरची टणक पुटकुळी किंवा पू धरलेली पुळी हवी. म्हणून मोबाइलवर फोटो पाठवून भागत नाही, हात लावूनच बघावं लागतं.

आता निगेटिव्हचं. तुर्कस्तान, इराणकडे ही टेस्ट बऱ्याच रुग्णांत पॉझिटिव्ह येते, इंग्लंड-अमेरिकेत क्वचित. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल, आजार शांत असेल, तरीही निगेटिव्ह येते. म्हणून निगेटिव्ह आली की ‘काही नाही’ म्हणून फाइल बंद करणं आम्हाला अजिबात पटत नाही. मात्र टेस्टसाठी गोळ्या मनाने थांबवू नका. काय घेता ते सांगा, बस्स. उलट बाजूही आहे: स्वीट सिंड्रोम, पायोडर्मा गँग्रेनोझम या त्वचेच्या आजारांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

निदानासाठी गुण मोजतात. तोंडातले व्रण २, गुप्तांगावरचे २, डोळ्यांचा आजार २, त्वचा, मज्जासंस्था, रक्तवाहिन्या यांना प्रत्येकी १, पॅथर्जीला १. चार झाले की बेहचेतकडे बोट. तोंडातले व्रण आणि त्वचेवरचे फोड एवढंच असेल तर तीनच होतात, तिथे या एका गुणाने पारडं फिरतं. पण गुप्तांगावरच्या व्रणाचे दोन गुण लोक लाजेने गिळून टाकतात आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खात वर्षं काढतात. कृपा करून सांगा, भरून आलेला असला तरी सांगा. त्याचा वण राहतो, तोही डॉक्टरांना दाखवा. पूर्वी रक्त काढल्यावर किंवा सलाईन लावल्यावर सुईच्या जागी पू झाला असेल तर तेही.

आणि डोळा लाल होऊन दुखला, दिसायला धूसर झालं, तर पुळी उठायची वाट बघू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. या आजारात नजर कायमची जाऊ शकते.