बडीशेपेचा वास

अण्णा इंग्लंडात यॉर्कला आले तेव्हा मी त्यांना आधी इथलं भलंमोठं कॅथीड्रल दाखवलं. वर बघत एक फेरी मारली आणि म्हणाले, "इंजिनांचं ते म्युझियम किती वाजता बंद होतं?"

अण्णा कुर्डुवाडीच्या नॅरोगेजवर फिटर होते. निम्मी नोकरी वाफेच्या इंजिनांवर गेली. बार्शी लाइट रेल्वेची, म्हणजे त्याच नॅरोगेजची, पहिली इंजिनं इथून जवळच, लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली, हे मला त्यांनीच सांगितलं. इतकी वर्षं मी लीड्सला जातेय, मला पत्ता नाही.

यॉर्कचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय एका जुन्या लोको शेडमध्ये आहे. तिकीट नाही म्हटल्यावर अण्णा आणखीच खूश. आत टर्नटेबलभोवती, म्हणजे इंजिन वळवायच्या फिरत्या चकतीभोवती, उभ्या असलेल्या इंजिनांत एक निळं, उतरत्या नाकाचं. मॅलार्ड. त्याचं मोठं चाक 6 फूट 8 इंचांचं, अण्णांच्या डोक्याच्या वर जाणारं.

3 जुलै 1938, रविवार. ग्रँथमच्या दक्षिणेला स्टोक बँक नावाचा लांबलचक उतार. सांगायला ब्रेकची चाचणी, पण इंजिनाचे निर्माते नायजेल ग्रेस्ली यांच्या मनात दुसरंच होतं. जर्मनीच्या इंजिनाने 1936 मध्ये ताशी 200.4 किलोमीटर वेग गाठला होता. ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे, मागे सात डबे. त्यातल्या एकात वेगाचा आलेख कागदावर उमटवणारी यंत्रं. मॅलार्ड ताशी 126 मैलांवर पोचलं, म्हणजे 203 किलोमीटर. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम अजून मोडलेला नाही.

"उतारावर बैलगाडीबी पळती," अण्णा म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेवक आजोबांना मी हे काही सांगितलं नाही.

अण्णांना वेगाचं कौतुक नव्हतं, नंतर काय बिघडलं ते हवं होतं. या इंजिनाला तीन सिलिंडर: दोन बाहेर, एक मधोमध. मधल्याच्या झडपेला वेगळी यंत्रणा न देता बाहेरच्या दोन झडपांच्या हालचालीवरच, लिव्हर जोडून, ती हलवायची ही ग्रेस्लींची युक्ती. खर्च वाचतो. पण सांधे थोडे झिजले की जोराच्या वेगात मधली झडप हवी त्याहून जास्त सरकते, मधला सिलिंडर आपल्या वाट्यापेक्षा जास्त राबतो आणि त्याचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचं, कनेक्टिंग रॉडचं, बेअरिंग तापतं. त्या बेअरिंगमध्ये बडीशेपेसारख्या वासाची कुपी बसवलेली असे. बेअरिंग तापलं की कुपी फुटायची आणि वास सुटायचा. त्या दिवशी तो सुटला. मॅलार्ड पीटरबरोला थांबलं आणि लंडनपर्यंतची गाडी एका जुन्या इंजिनाने ओढून नेली.

अण्णा उकिडवे बसून खाली डोकावले. "मिडल बिग एंड?" म्हणजे तेच मधलं बेअरिंग. आजोबांचा चेहराच उजळला. पुढचा अर्धा तास दुभाषी म्हणून माझं काहीच काम उरलं नाही.

या जातीची 35 इंजिनं बनली, उरली सहा. एक अमेरिकेत, एक कॅनडात. 2013 मध्ये विक्रमाला 75 वर्षं झाली तेव्हा ती दोन्ही समुद्रापलीकडून आणून सहाही याच शेडात उभी केली होती. बाकीची गेली. 1968 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने वाफ बंद केली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून भंगाराचे ढीग लागत होते. काय वाचलं, काय नाही, यात नशिबाचा भाग मोठा. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे दुसरं प्रसिद्ध इंजिन 1963 मध्ये अॅलन पेग्लर नावाच्या उद्योजकाने 3000 पौंडांना विकत घेतलं म्हणून राहिलं. 2016 मध्ये ते पुन्हा रुळावर आलं तोवर दुरुस्तीवर 42 लाख पौंड गेले होते. (अण्णांनी रुपयांत हिशेब केला आणि गप्प झाले.)

मॅलार्डच्या भावंडांत एकाचं नाव होतं 'एम्पायर ऑफ इंडिया'. ते कुठे आहे, अण्णांनी विचारलं. 1964 मध्ये सेवेतून काढलं आणि भंगारात गेलं, आजोबा जरा संकोचून म्हणाले.

"बरं झालं," अण्णा मराठीत म्हणाले.

दारापर्यंत आलो. अमेरिकेतल्या त्या इंजिनाचं मूळ नाव 'गोल्डन शटल' होतं, अमेरिकी सेनापती आयझेनहॉवरचं नाव त्याला नंतर दिलं, हे एव्हाना आजोबांकडून अण्णांना कळलं होतं. ते थांबले.

"इंजिन ठेवायला पायजे होतं गं. नाव काय, नुसती पाटी. चार बोल्ट काढले की निघती."