भूल उतरते, गॅस कुठे जातो?

सांगलीत मी भूल देते. काही नर्सिंग होम, एक मोठं हॉस्पिटल, अशी रोजची पळापळ. संमतीपत्रावर सही करताना नातेवाईक हमखास विचारतात, "मॅडम, शुद्धीवर कधी येणार?" गॅसचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. बहुतेक गॅस जसाच्या तसा श्वासातून परत येतो आणि नळीतून ऑपरेशन थिएटरबाहेर, उघड्या हवेत जातो.

डेसफ्लुरेन हा भुलीचा द्रव, वाफ करून श्वासातून देतात. त्याची 240 मिलीची बाटली अशी हवेत गेली, की तापमानवाढीच्या बाबतीत, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे 900 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. त्याच कामाच्या सेवोफ्लुरेनच्या तेवढ्याच बाटलीचा आकडा 50 किलोच्या आसपास. शिवाय डेसफ्लुरेन लागतंही जास्त: श्वासातल्या गॅसमध्ये सेवोफ्लुरेन जिथे दोन टक्के पुरतं, तिथे हे सहा. स्कॉटलंडने 2023 मध्येच ते बंद केलं.

एक सहकारी म्हणाले, "ही गोऱ्यांची थेरं. आपल्याकडे तालुक्याला भूलतज्ज्ञ मिळत नाही." दुसरं वाक्य शंभर टक्के खरं. पण तालुक्याला डेसफ्लुरेन तरी कुठे असतं? 22.8 अंशांना उकळणाऱ्या त्या द्रवाला विजेवर तापणारा खास व्हेपोरायझर, म्हणजे त्याची मोजून वाफ करणारं उपकरण, लागतो. तो ज्यांना परवडतो, त्यांच्याकडे सोडा लाइम (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारी चुनखडी, म्हणजे तोच गॅस पुन्हा वापरता येतो) आणि गॅसचं प्रमाण दाखवणारा मॉनिटरही असतात. म्हणून ताज्या गॅसचा फ्लो मिनिटाला अर्ध्या लिटरवर आणून तो वाया जाणं कमी करणं त्यांना सहज जमावं. तरी तीन-तीन लिटर चालू असतात, निव्वळ सवयीने.

व्हॅन रेन्सेलर पॉटर हे कर्करोगावर काम करणारे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी 1970-71 च्या सुमारास बायोएथिक्स, म्हणजे जीवसृष्टीशी निगडित नीतिविचार, मांडलं, तेव्हा माणूस या पृथ्वीवर टिकणार कसा, हाच त्यांचा मुख्य प्रश्न होता. पुढे चर्चा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यापुरती उरली. आम्हालाही तेवढीच शिकवली.

टेबलावरच्या माणसाशी माझं पहिलं इमान, यात मला शंका नाही. खूप स्थूल, झोपेत श्वास अडकणारा रुग्ण आणि पाच तासांची शस्त्रक्रिया असेल, तर लवकर उतरणाऱ्या डेसफ्लुरेनचा मी विचार करीन, फ्लो कमी ठेवून. हर्नियाच्या पाऊण तासाच्या केसला ती बाटली का उघडायची, हे मात्र मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.