सगळे घोडे डावीकडे बघत होते

बायका पहिल्यांदा कापडाचा घोडा शिवतात तेव्हा प्रत्येकीची चूक वेगळी असते. कुणाच्या घोड्याचा पाय आखूड, कुणाचं पोट लोंबतंय, कुणाचं सरळ गाढवच झालेलं. ते मी धरूनच चालते. त्या शनिवारी मात्र टेबलावर ओळीने उभे केलेले घोडे एकजात आपल्या डाव्या खांद्याकडे मान वळवून बघत होते. इतक्या हातांनी मिळून एकच चूक करायची, हे मी शिकवायला लागल्यापासून कधी पाहिलं नव्हतं.

इंदुरात टिळकनगरला, घराच्या वरच्या मजल्यावर मी कापडी प्राणी शिवायला शिकवते. सुरुवात नेहमी फेल्टच्या हत्तीने. त्याला मोठा जुना आधार आहे. जर्मनीत मार्गारेट श्टाइफ या शिवणकाम करणाऱ्या बाईने १८८० मध्ये टाचण्या खोचायला फेल्टचा हत्ती केला, मुलांनी तो खेळायला पळवला आणि पुढे त्यातून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला बरी पडते. पण हत्ती आधी घेण्याचं खरं कारण वेगळं. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू दाबून केलेलं असतं. त्यात ताणा (उभा धागा) नाही, बाणा (आडवा धागा) नाही. कसंही कापा, दशा निघत नाहीत. नवशिक्या हाताला एवढी सवलत हवीच.

घोडा सुती कापडाचा. दोन बाजूंचे दोन तुकडे, चार पायांच्या आतल्या बाजूंसकट पोटाखालचा एक, आणि नाकापासून मानेपर्यंत जाणारी कपाळपट्टी, जिच्याशिवाय घोड्याचं तोंड चपटं होतं. कागदी साच्यावर मी बाण काढलेला असतो. तो कापडाच्या किनारीला समांतर ठेवायचा, म्हणजे उभा धागा पायांतून मानेत सरळ चढतो. टीप बारीक, दोन मिलिमीटरची, कारण फायबर भरताना शिवणीवर जो ताण येतो तो ब्लाउजच्या शिवणीवर कधी येत नाही. वळणांवर कातऱ्या द्यायच्या, पोटाखाली ठेवलेल्या फटीतून उलटायचं आणि खूर अन् नाकापासून चिमटी-चिमटीने भरत मागे यायचं. मान सगळ्यात घट्ट. आमच्याच शहरातल्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या चामड्याच्या खेळण्यांना ही चिंता नाही. त्यांच्या आत तारेचा सांगाडा असतो. आमच्या घोड्यात हाड नाही. तो उभा राहतो तो निव्वळ कापडाच्या ताणावर.

मी आधी भरण्यावर संशय घेतला. दोन घोड्यांच्या माना उसवून, रिकाम्या करून स्वतः भरल्या. पुन्हा डावीकडे. कपाळपट्टी सरकली असेल म्हणून खुणा तपासल्या, तर त्या जुळत होत्या. साचा तर तोच, ज्यावरून मागच्या तुकडीचे घोडे ताठ उभे राहिले होते.

जिन्याजवळ स्टुलावर एक काका बसतात. ते विद्यार्थी नाहीत. काकूंना स्कूटरवर आणायचं, वर्ग सुटेपर्यंत पेपर वाचायचा आणि परत न्यायचं, इतकंच. आमची धावपळ बघून ते पेपर घडी करून आत आले. घोड्यांची रांग त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि शेवटच्या घोड्यावर बोट ठेवलं.

"हा एकटा उजवीकडे बघून राहिला. कुणाचा?"

कॉलेजातल्या एका मुलीचा होता. तिने हात वर केला.

"कापड उलटं वापरलं का गं तू?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. वापरलं होतं. सुलट बाजूची छपाई तिला फार भडक वाटली, म्हणून फिकी बाजू वर ठेवून तिने घोडा शिवला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि काका तर इतका वेळ बाहेर बसून होते.

त्यांनी उरलेलं कापड मागितलं. किनारीला कात्रीने चीर दिली आणि टर्रकन आडवं फाडलं. आडवं फाडलेलं कापड बाण्याच्या धाग्यानेच फाटत जातं. किनार टेबलाच्या लांब कडेला लावून त्यांनी ते पसरलं, तर फाटलेली कड काटकोनात बसेना. एका टोकाला चांगली तीन बोटं खाली उतरली होती.

"बाणा तिरका आहे, ताई. विणताना नाही झालं हे. धुऊन-रंगवून वाळवताना एक किनार पुढे ओढली गेली. आम्ही फोल्डिंगला असलं ठाण बाजूला काढायचो."

काका मिलमधले. आधी साचेखात्यात, म्हणजे मागांवर, नंतर फोल्डिंगला, कापड तपासायला. इंदूरच्या मिली एकेक करून बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात थांबली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा धनादेश निघाला तो २०२३ च्या डिसेंबरात. काकांची मिल दुसरी. त्याबद्दल ते बोलत नाहीत, मीही विचारत नाही. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्यांबद्दल, म्हणजे हलत्या देखाव्यांबद्दल, मात्र भरभरून बोलतात. "झांकीतल्या हत्तीची मान आम्ही मोटर लावून फिरवायचो," ते म्हणाले, "तुमची फुकटात फिरली."

मग सगळा उलगडा झाला. घोड्याच्या दोन बाजू एकमेकींची प्रतिबिंबं असायला हव्यात. आकाराने त्या होत्याच. पण आडवा धागा दोन्हींत, बाहेरून पाहिलं तर, एकाच दिशेला चढत होता; म्हणजे मानेभोवती तो वळसे घेत वर जात होता. आत फायबर दाबलं की कापड उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेला जास्त ताणतं आणि अख्खी मान पिळली जाते. कापड उलटं केलं की चढ उलटा, पीळही उलटा. नीट पाहिलं तर खूरही जरा फिरलेले होते, पण पाय आखूड आणि जाड, म्हणून डोळ्यांत येत नव्हते. काकांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं: "पायजमा धुतल्यावर बाजूची शिवण नडगीवर येते ना, तेच."

कापड वाया जाऊ द्यायचं नव्हतं. पाणी शिंपडून ते ओलसर केलं आणि ज्या दोन कोपऱ्यांतलं अंतर कमी झालं होतं तेच धरून तिरकं ओढलं, एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला ती मुलगी. मधून काकूंचं "अहो, कंबर सांभाळा!" चालूच. काही कापडांचा बाणा फिनिशिंगमध्ये असा पक्का बसलेला असतो की कितीही ओढा, हलत नाही. हे हळूहळू सरळ झालं. उभ्या धाग्याने इस्त्री फिरवली, नुसती एक मान कापून शिवली, ठासून भरली. ताठ.

वाकड्या मानेचे घोडे सगळ्याजणी घरी घेऊन गेल्या. एकीने उजवीकडे बघणारा मागून पाहिला, मिळाला नाही.

आता ठाण घेण्याआधी मी दुकानात आडवी पट्टी फाडून मागते, तिचे वेगळे पैसे देते. दुकानदार तरी वैतागतोच. "मैडम, खिलौने ही बनाने हैं ना?" मी हो म्हणते आणि पट्टी काउंटरच्या कोपऱ्याला लावून बघते. काकांना मी रीतसर वर्गात यायला सांगितलं. त्यांना सुई धरायची नाही, पण नवं कापड आलं की फाडायला तेवढे आत येतात. काकू म्हणतात, तर मग माझी फी माफ करा.