जिरायतातून पाटाखाली

आज मुक्काम बारामती. जेवण झालंय, पाय भरून आलेत, तरी झोपायच्या आधी लिहून टाकते, उद्या नवा रस्ता लागला की आजचं पुसलं जातं.

पहाटे अंधारातच हडपसर सोडलं. दिवेघाटाबद्दल लिहीत नाही, पुण्यातल्या प्रत्येक सायकलवाल्याने लिहून झालंय. पण घाट चढून वर आलं की हवाच बदलते, एकदम कोरडी, ओठ फुटायला लागतात. सासवडला चहा घेतला आणि रस्त्याकडेला अंजिरं दिसली. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. आत्ता डिसेंबरात येतो तो खट्टा बहार, खरी गोडी उन्हाळ्यातल्या मीठा बहाराला, हे विकणाऱ्या मावशींनी स्वतःहून सांगितलं, पाटी अजून अर्धी भरलेली असताना. मी तरीही भरपूर घेतली.

जेजुरीला खालूनच गडाला हात जोडले आणि मोरगावच्या रस्त्याला लागले. हा पट्टा खरा जिरायती. माळ, मेंढरं, बाभळी, मधे मधे शाळूची ज्वारी निसवलेली, आणि जिथे विहिरीला पाणी आहे तेवढाच एक हिरवा तुकडा. सह्याद्री सगळा पाऊस पश्चिमेकडेच उतरवून घेतो आणि इकडे वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास येतो, हे शाळेत पर्जन्यछाया म्हणून पाठ केलेलं, पण इथे पूर्वेचं वारं तोंडावर घेत सायकल चालवली ना की ते अंगाला कळतं. गाडीतून या रस्त्याने कितीतरी वेळा गेलेय, तेव्हा हे सगळं नुसतं "मोरगावचा रस्ता" होतं.

मोरगावच्या पुढे बांधावर एक बाबा बसले होते, मी पाणी मागायला थांबले.
"एकटीच होय गं? पुण्यापासनं? सायकलवर?"
"हो बाबा."
"बस जरा सावलीला."
मग ज्वारीवरून बोलणं पाण्यावर आलं. मी विचारलं, एवढा मोठा नीरा डावा कालवा जवळच आहे ना, मग इथे पाणी का नाही. त्यांनी काठीने मातीत आडवी रेघ ओढली. "ह्यो पाट. आमी ह्याच्या वरल्या अंगाला. पाणी काय वर चढतंय व्हय?"

एवढंच आहे खरंतर. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळानंतर, 1880च्या दशकात इंग्रजांनी हा कालवा सुरू केला, तो नुसत्या उताराने वाहतो, म्हणून रेघेच्या खालचं रान बागायत आणि वरचं जिरायत, भावाभावांच्या वाटणीत कुणाला कुठला तुकडा आला त्यावर पुढच्या पिढ्यांचं ठरलं. आता वरच्या काही गावांना उपसा योजना आहेत. पुरंदर उपशाचं पाणी तर मुळा-मुठेतून उचलतात, म्हणजे आपण पुणेकरांनी वापरून सोडून दिलेलं पाणीच पंपाने डोंगर चढून या बाजूला येतं, आणि त्याची पाणीपट्टी शेतकरी भरतो. आपण मात्र नळ सोडून दात घासतो. मला हे फार लागलं.

मग दक्षिणेकडे वळले आणि रस्ता हळूहळू उतरायला लागला. पेडल न मारता सायकल पळायला लागली तेव्हा लक्षात आलं की पाण्याला जो उतार कळतो तोच माझ्या पायांना कळतोय, मोटारीत बसलेल्याला नाही कळणार. आणि कॅनॉल ओलांडला की अक्षरशः दोन मिनिटांत सगळं बदललं, हवा ओली, दोन्हीकडे डोक्यावर गेलेला ऊस, चारीला पाणी, बगळे. हे पाणी भोरच्या डोंगरातलं, भाटघर धरणात साठलेलं, इथल्या ढगाचं नाहीच.

करंजेपूलकडून पुढे सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा, हंगाम जोरात चालू आहे. एका फडाजवळ थांबले. तोडणारी माणसं बीडकडची. नवरा-बायकोच्या जोडीला हे लोक एक कोयता म्हणतात. पाचटाच्या ढिगाऱ्यात एक लहान पोर झोपलेलं, आई मोळ्या बांधत होती. तिच्या गावाला पाट नाही, धरण नाही, म्हणून ती दिवाळीनंतर घर बंद करून दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेलं पीक तोडायला इतक्या लांब येते. वयाने माझ्याहून लहानच असेल. मला म्हणाली, "ताई, दमली असशील, घे," आणि उसाची दोन कांडकी सोलून दिली. मी पिशवीतली अंजिरं पोरासाठी दिली. अजून काय करायला हवं होतं मला माहीत नाही, संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे.

वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, माळेगाव अशी गावं पटापट गेली. ऊन उतरलेलं आणि मळीचा वास. माळेगावनंतर अंधार पडायला लागला, मागचा लाल दिवा लावून कडेकडेने आले.

उद्या इंदापूर. सरळ हायवेला न जाता कॅनॉलच्या कडेकडेने जितकं जाता येईल तितकं जायचं ठरवलंय. पाटाच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, आवर्तनाचं (पाळीने सोडलेलं) पाणी सगळ्यात शेवटी येतं, कधी कधी पोचतच नाही असं आज दोघातिघांनी सांगितलं, तिथल्या एखाद्या शेतकऱ्याशी बोलायचंय. टायरमध्ये बाभळीचे काटे बघून घेते आणि झोपते.