साइडबॉटम नावाचं खोरं

माझं आडनाव गाढवे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी एका इंग्रज आडनावाला हसणार आहे आणि हसायचा हक्क कुठून आला असं कुणी विचारायला नको. शाळेत हजेरी घेताना बाई 'गाढवे' म्हणाल्या की मागच्या बाकावरून एक खिंकाळी यायचीच. लग्नात आडनाव बदलायची आयती संधी चालून आली होती. 'सुटलीस बाई,' असं एक मावशी म्हणाल्यासुद्धा. मी सुटले नाही. पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते असं सहजासहजी कसं सोडायचं?

तर 2007 सालचा उन्हाळा. भारताचा संघ इंग्लंडला गेलेला आणि आमच्या साताऱ्याकडच्या घरात अप्पा टीव्हीसमोरून उठायला तयार नव्हते. इंग्लंडकडून एक डावखुरा गोलंदाज धावत आला. मानेवर रुळणारे कुरळे केस, चेहरा असा की आत्ताच कुणाशी तरी कडाक्याचं भांडून आलाय. खाली पट्टीवर नाव झळकलं: साइडबॉटम. अप्पा प्राथमिक शाळेत मास्तर होते, कुठलाही शब्द फोडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, "साइड म्हणजे बाजू, बॉटम म्हणजे बूड. बाजूचं बूड! मग मधलं कुणाकडे गेलं गं?"

आम्ही दोन गाढवे पोट धरून हसलो. त्या माणसानं मालिकाभर आपल्या फलंदाजांना छळलं तरी आमच्या घरी त्याचं नाव 'बाजूचं बूड' हेच पडलं. आपण ती मालिका 1-0 अशी जिंकलो, त्यामुळे मनात काही राहिलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी कामासाठी मँचेस्टरला आले. इथं माझं आडनाव 'गॅडवी' झालं. कुणी हसत नाही, उलट एकीनं 'किती गोड' म्हटलं. मी अर्थ सांगितला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आडनावाचं ओझं खांद्यावरून उतरलं होतं, ते पुन्हा कशाला चढवून घ्या?

एका रविवारी पिकॅडिली स्टेशनवरून ग्लॉसपची गाडी पकडली. डोंगर बघायचे, एवढाच विचार. मँचेस्टरच्या विटांच्या भिंती मागे पडतात, गाडी हाइड ओलांडते आणि अर्ध्या तासाच्या आत एका छोट्या स्टेशनात थांबते. फलाटावर पाटी होती: ब्रॉडबॉटम. मी एकटीच हसले. समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्राच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचायला लागले. या मार्गावर हसणारी ही पहिली नव्हे, असं काहीसं त्या बघण्यात होतं.

गाडी सुटली आणि लगेच एका उंच पुलावर आली. खाली नदी दिसली. नदीचं नाव एथरो. डोंगर दोन्हीकडून उतरत येतात आणि तळाशी एकदम हात पसरल्यासारखी सपाट हिरवी जमीन, मधून नदीचं वळण. रुंद तळ. ब्रॉड बॉटम. पाटीनं थट्टा केलेली नव्हती, समोर जे होतं तेच लिहिलं होतं. हसले होते ते माझंच मला लागलं.

घरी येऊन शोधत बसले. जुन्या इंग्रजीत 'बॉटम' म्हणजे खोऱ्याचा तळ. माणसाच्या बुडाला हा शब्द फार नंतर, अठराव्या शतकाच्या आसपास चिकटला. तोवर ही आडनावं चारपाचशे वर्षं सुखानं नांदत होती. आणि 'साइड'? ती बाजू नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'सीद' असं एक विशेषण होतं, अर्थ रुंद, ऐसपैस. विशेषण मेलं, आडनावात त्याचा सांगाडा राहिला, आणि लोकांना तो ओळखीच्या 'साइड'सारखा दिसायला लागला. म्हणजे साइडबॉटम आणि ब्रॉडबॉटम यांचा अर्थ तंतोतंत एकच. साइडबॉटम ही चेशायरातली एक छोटी जागा, तिथला राहणारा तो साइडबॉटम. आपल्याकडे 'कर' लावून जे काम होतं ते इथं काही न लावता होतं.

अप्पांना फोन केला. त्यांना आपली जुनी फोड चुकली याचं वाईट वाटलं नाही, नव्या फोडीचा आनंद जास्त होता. "म्हणजे बिचाऱ्याचा सातबाराच आहे आडनावात," असं म्हणाले.

मग एकेक बूड उलगडत गेलं. ही आडनावं सगळी साधारण एकाच पट्ट्यातली, लँकेशायर, चेशायरचं टोक, यॉर्कशायरची पश्चिम बाजू, म्हणजे पेनाइन डोंगराच्या दोन्ही अंगांची. विंटरबॉटम म्हणजे जिथं हिवाळ्यात जनावरं ठेवायची ते खोरं. वॉल्टर विंटरबॉटम 1946 ते 1962 इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पहिले व्यवस्थापक होते, ते जन्मले ओल्डममध्ये, इथून हाकेच्या अंतरावर. रोबॉटम म्हणजे खडबडीत तळ. रॅम्सबॉटम हे बरी नावाच्या शहराजवळचं गावच आहे. त्यातला रॅम म्हणजे मेंढा की रानलसणीचं जुनं नाव यावर पंडितांचं एकमत नाही. मला रानलसूण पटते. मे महिन्यात इथल्या ओढ्याकाठच्या झाडीत शिरलं की लसणीचा वास असा येतो की कुणीतरी झाडामागे फोडणी दिली असावी. हिगिनबॉटम हे बोल्टनजवळच्या ओकनबॉटमचं रूप, ओकच्या झाडांचं खोरं. आणि सगळ्यात ज्याला हसू येतं ते शफलबॉटम: मेंढ्या धुवायच्या ओढ्याचं खोरं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात घालून धूत, त्या जागेचं नाव. आमच्याकडच्या धनगरांना हे एका वाक्यात कळलं असतं, लंडनच्या नाटकवाल्यांना मात्र यात फक्त बूड घासत चालणारा माणूस दिसला.

एवढी 'बुडं' इथंच का? दक्षिण इंग्लंडात माणसं मोठ्या गावांत एकत्र राहत, भोवती गावाची सामायिक शेतं. इथं डोंगर. प्रत्येक खोऱ्यात एक-दोन सुटी घरं, प्रत्येक घराला स्वतःचं नाव. 1377 ते 1381 या काळात इंग्लंडच्या राजानं तीनदा डोईपट्टी बसवली. पट्टी गोळा करायची तर माणसं ओळखायला हवीत, आणि एका टापूत दहा जॉन असले की कारकून विचारणारच, कुठला जॉन? रुंद बुडाचा. लिही. असं शे-दीडशे वर्षांत नाव बापाकडून मुलाकडे जायला लागलं. स्मिथ म्हणजे लोहार, तो गावोगावी असणार, म्हणून स्मिथ देशभर. साइडबॉटमचं मूळ मात्र एखाद्या घराशेतापुरतं, म्हणून माणसंही मोजकीच.

1881 च्या इंग्लंडच्या खानेसुमारीवरून आडनावांचे नकाशे केलेले आहेत. त्यात साइडबॉटम बघितलं की पेनाइनच्या कुशीत गडद डाग दिसतो आणि जसजसं लांब जावं तसा रंग फिका होत जातो. पाचशे वर्षांत एवढीच हालचाल! कारण सरळ आहे. पाणी. ज्या ओढ्यांनी खोरी कोरली, त्याच ओढ्यांवर अठराव्या शतकाच्या शेवटी कापसाच्या गिरण्यांची चाकं फिरायला लागली. पोट भरायला दुसरीकडे जायची गरजच उरली नाही, गिरणी दाराशी आली. ब्रॉडबॉटमची मोठी गिरणी तर साइडबॉटम मंडळींचीच होती. रुंद बुडाच्या माणसांनी रुंद बुडात गिरणी काढली.

पुढे पैसा आला, आणि पैशाबरोबर राजकारण. स्टेलीब्रिज, हाइड आणि हाय पीक हे तीन मतदारसंघ एकमेकांना लागून. 1886 ते 1900 या काळात या तिन्ही ठिकाणचे खासदार कोण? टॉम हॅरॉप साइडबॉटम, जोसेफ वॉटसन साइडबोथम आणि विल्यम साइडबॉटम. तिघंही हुजूर पक्षाचे. सभापती 'साइडबॉटम' म्हणून पुकारत तेव्हा कोण उठून उभं राहत असेल, देव जाणे. आपल्याकडे एका जिल्ह्यात तीन पाटील निवडून आले तर कुणी वळूनही बघत नाही, पण हे म्हणजे तीन गाढवे एकदम विधानसभेत जाण्यासारखं झालं.

त्या मधल्या नावाकडे लक्ष गेलं का? साइडबोथम. थ आला की बूड झाकलं जातं. मला वाटलं, सुधारलेली मंडळी दिसतात, लाजेखातर स्पेलिंग बदललं. काहींनी तसं केलंही असेल. काहीजण तर आपलं नाव 'सिद्दीबोटोम' असं, जणू इटलीहून आल्यासारखं उच्चारायचे, अशा गमती इथं सांगतात. पण जुन्या इंग्रजीत हा शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, ट घालूनही आणि थ घालूनही. म्हणजे 'बोथम' ही लपवाछपवी नव्हे, तेवढंच जुनं रूप आहे. उगाच संशय घेतला.

आणि इथं माझी ट्यूब पेटली. बोथम!

1980 चा फेब्रुवारी, वानखेडे. क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी. इयान बोथमनं शतक ठोकलं, 114, आणि दोन डावांत मिळून 13 बळी घेतले. पुरुषांच्या कसोटीत शतक आणि दहा बळी एकाच सामन्यात तोवर कुणी केलं नव्हतं. आपण दहा गड्यांनी हरलो, तेही आपल्याच सोहळ्यात. अप्पांनी तो सामना डी.एड.च्या वसतिगृहात रेडिओला कान लावून ऐकला होता आणि आजही विषय निघाला की त्यांचा आवाज खाली येतो. हा बोथम जन्मला चेशायरात, आणि त्याचं आडनाव म्हणजे नुसता तळ. रुंद नाही, खडबडीत नाही, लसणीचा नाही. नुसतं बूड.

मी रात्रीच फोन लावला. "अप्पा, बोथम म्हणजेही बूडच बरं का."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "हे तेव्हाच, 1980 साली कळलं असतं तर साइडबॉटमला एवढा हसलो नसतो. तेच घराणं निघालं की हे!"

मास्तरच ते, तिथं थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. संस्कृतात 'बुध्न' म्हणजे तळ, मूळ. वेदांत अहिर्बुध्न्य म्हणून खोल तळाशी राहणारा नाग आहे, उत्तराभाद्रपदा नक्षत्राची देवता. इंग्रजी बॉटम आणि संस्कृत बुध्न ही एकाच धातूची लेकरं, आणि झाडाचा आपला 'बुंधा' तोही त्याच गोतावळ्यातला. अप्पांचं म्हणणं असं की बोथमला आपण परका समजलो ही चूकच झाली. 13 बळींचं दुःख त्यानं जरा हलकं झालं असावं.

गोलंदाज साइडबॉटमचं नाव रायन. जन्म हडर्सफील्डचा. त्याचे वडील अर्नी हेही इंग्लंडकडून खेळले, 1985 साली, एकच कसोटी. शिवाय मँचेस्टर युनायटेडकडून फुटबॉल. ते बार्न्सलीचे. नकाशा काढून बसले. ब्रॉडबॉटमच्या वरच्या अंगाला लाँगडेन्डेल नावाचं खोरं आहे, त्यात मँचेस्टरला पाणी पुरवणाऱ्या तलावांची रांग, खालच्या तलावाचं नाव (आता आश्चर्य वाटायला नको) बॉटम्स. या खोऱ्यातून वूडहेडच्या खिंडीचा रस्ता डोंगर चढून पलीकडे उतरतो तो थेट बार्न्सलीकडे. ब्रॉडबॉटमहून बार्न्सली सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत. मधे खंबाटकीसारखा एक घाट. पाच-सहाशे वर्षांत आडनावानं ओलांडला तो एवढा घाट.

रायनची पहिली कसोटी 2001 मधली. एकच खेळायला मिळाली आणि बाहेर. बापासारखंच, एकावर संपलं, असंच सगळ्यांना वाटलं असणार. सहा वर्षांनी परत बोलावलं, मग एकूण 22 कसोट्या आणि 79 बळी. 2008 साली हॅमिल्टनला हॅटट्रिकही. हे सगळं मला 2007 मध्ये माहीत असतं तर त्याच्या चेहऱ्यावरचं ते भांडण जरा वेगळं दिसलं असतं.

गेल्या महिन्यात पुन्हा ब्रॉडबॉटमला गेले, या वेळी उतरले. पाऊस नुकताच थांबला होता. उतारावरून खाली नदीकाठी गेले, गिरणीचे पडके दगड बघितले, बुटांना चिखल लागला. तिथून अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना आधी पूल दाखवला, मग नदी, मग ती पसरलेली हिरवी पट्टी. ते बोलेनात. मला वाटलं रेंज गेली.

"जरा खाली धर फोन," म्हणाले. "जमीन दाखव."

मी वाकून दाखवली. काळीशार, ओली, पायाखाली लुसलुशीत.

"अगं, ही तर मळई," अप्पा म्हणाले. "नदीनं आणून टाकलेला गाळ. आपली कृष्णेकाठची होती तशीच. म्हणजे तो साइडबॉटम आपला मळईकर झाला की! मोठ्या मळईचा." मग पडद्यात डोळे घालून त्यांनी पलीकडचा काठ न्याहाळला. "आणि एवढ्या पाण्यावर नुसतं गवत? ऊस का लावत नाहीत ही माणसं?"