पेपरातला इंटेलिजन्स

जुन्या इंग्रजी पेपरांचे स्कॅन चाळायची सवय लागली की एक शब्द सारखा समोर येतो, इंटेलिजन्स. शिपिंग इंटेलिजन्स, स्पोर्टिंग इंटेलिजन्स, आणि लंडनच्या टाइम्समधे तर 'मनी मार्केट अँड सिटी इंटेलिजन्स' असा चक्क कॉलमच असायचा. आता शेअरबाजारात कसली आलीये बुद्धिमत्ता, असं आधी वाटतं :) पण तिथे हुशारीचा काही संबंधच नाही, इंटेलिजन्स म्हणजे सरळ खबर. 'पोलीस इंटेलिजन्स' वाचून साध्या वेशातले पोलीस डोळ्यासमोर येत असतील तर तेही नाही, पोलीस कोर्टात काल कोणाला उभं केलं, कोण पिऊन धिंगाणा घालत होता, कोणाचं घड्याळ गेलं, असला सगळा मामला. म्हणजे १८५० सालच्या माणसाला आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणालात तर तो बहुतेक समजेल की कोणीतरी खोट्या बातम्या छापतंय, आणि तसं बघितलं तर अगदीच चुकला असंही नाही म्हणता येणार.

मला जास्त मजा वाटते ती या शब्दाला चिकटून येणाऱ्या क्रियापदांची. इंटेलिजन्स 'पोचतो', 'हाती येतो', अमुक बोटीने 'आणला' जातो, जणू काही बंदरावर उतरवलेला माल. आणि खरंच तसंच होतं ना, इंग्रज आरमाराची ट्राफल्गरची लढाई झाली २१ ऑक्टोबर १८०५ ला, तिची खबर घेऊन पिकल नावाचं छोटं जहाज ४ नोव्हेंबरला फालमथला लागलं, मग तिथून लेफ्टनंट लापेनोतिएर घोडे बदलत बदलत ६ तारखेला पहाटे लंडनला, आणि टाइम्सच्या वाचकाला कळलं ७ ला. म्हणजे त्या लढाईत इंग्रजांचा सेनापती नेल्सन जाऊन अडीच आठवडे झाले होते आणि लंडनमधे कोणाला पत्ताच नाही. लिंकनचंही तेच, वारला १५ एप्रिल १८६५ ला, लंडनला कळलं २६ ला, कारण अटलांटिकखालची टिकाऊ केबल पडली त्याच्या पुढच्या वर्षी. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या लढाईचा प्रकार तर याहून भारी, इकडे युरोपात घेंटमधे २४ डिसेंबर १८१४ ला ब्रिटन अमेरिकेच्या तहावर सह्या झाल्या (मंजुरी बाकी होती, मान्य) आणि ८ जानेवारीला तिकडे माणसं एकमेकांना मारतच होती, कारण तहाची खबर अजून समुद्रातच होती.

आता हेरगिरीवाला अर्थ नंतर कुठूनतरी आला असं नाही हं, दोन्ही पहिल्यापासून एकत्रच नांदत होते. इंटेलिजन्सर म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात तिचा हेरप्रमुख वॉल्सिंगहॅम याच्यासाठी खबर काढणारा माणूस, आणि १६४३ ला यादवी युद्ध चालू असताना लंडनमधे निघालेल्या एका पेपरचं नाव काय, तर किंगडम्स वीकली इंटेलिजन्सर. आणि जोसेफ विल्यमसन तर कमालच माणूस. हा सरकारात उपसचिव, सरकारची गुप्त खबर गोळा करणाराही हाच आणि १६६५ ला सुरू झालेल्या गॅझेट या सरकारी पेपरवर हुकूम चालायचा तोही याचाच. बंदराबंदरातून लोक त्याला पत्रं लिहायचे, त्यातलं जे छापलं तरी चालेल ते गॅझेटात, त्याहून जरा चटकदार असेल ते हाताने नकला करून पैसे भरणाऱ्या लोकांकडे, आणि बाकीचं ऑफिसातच. टपाल एकच, फक्त कोणाला किती दाखवायचं ते साहेब ठरवणार! पेपर आणि हेरखातं एकाच टेबलावर चालायचं, हे मला तरी त्या शब्दाच्या इतिहासातलं सगळ्यात भारी प्रकरण वाटतं.

तारायंत्र आल्यावरही शब्द लगेच गेला नाही, इंग्लंडमधल्या इलेक्ट्रिक टेलिग्राफ कंपनीचा पेपरांना बातम्या विकणारा विभाग होता त्याचं नाव इंटेलिजन्स डिपार्टमेंटच होतं. अमेरिकेत तर इंटेलिजन्स ऑफिस म्हणजे घरकामाला माणसं मिळवून देणारी एजन्सी, त्यामुळे जाहिरातीत 'इंटेलिजन्स ऑफिसमधे चौकशी करा' असं दिसलं तर तिथे स्वयंपाकीण मिळते, गुप्तहेर नाही.

पुढे न्यूज हा साधा शब्द जिंकला आणि इंटेलिजन्स पेपरांच्या नावापुरता उरला. अमेरिकेत सिएटलचा पोस्ट-इंटेलिजन्सर मार्च २००९ मधे छापायचा बंद झाला, वेबसाइट मात्र चालू ठेवली. तिथल्याच व्हीलिंग गावचा इंटेलिजन्सर १८५२ पासूनचा, त्याने अजून नाव बदललेलं नाही.